डाकनाम आणि स्वाक्षरी : मराठी-बंगाली नामव्यवहाराचा एक धागा (१८७८–१९३८)

१८७८ या एकाच वर्षी दोन मराठी स्त्रियांना बंगाली भाषकांकडून नवे नाव मिळाले. एक प्रसंग कोलकात्याच्या विद्यापीठ-सभागृहातला, जाहीर आणि पंडितांच्या साक्षीने घडलेला. दुसरा मुंबईतल्या एका घरातला, दोघांपुरता. पहिल्या प्रसंगी अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या रमाबाई ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाल्या. दुसऱ्या प्रसंगी डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या कन्या अन्नपूर्णा ‘नलिनी’ झाल्या. हे नाव देणारा सतरा वर्षांचा पाहुणा कोलकात्याच्या जोडासाँको येथील ठाकूर घराण्यातला होता. मराठी-बंगाली वाङ्मयीन संबंधांचा विचार करताना अनुवाद, ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांचे नाते, शिवाजी-उत्सव, स्वदेशीचे पर्व या गोष्टींची चर्चा पुष्कळ झाली आहे. या दोन नामकरणांची नोंद मात्र बहुधा आख्यायिका म्हणून होते. त्यातही दुसऱ्याची नोंद एका महाकवीच्या तारुण्यातील हळवे प्रकरण म्हणून होते. ज्यांना नावे मिळाली त्यांनी त्या नावांचे पुढे काय केले, हा प्रश्न बाजूला राहतो. नावाचा व्यक्तिगत अर्थ शोधायचा तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते.

सामान्यनामाला अर्थ असतो, विशेषनामाला तो असेलच असे नाही, असे मराठी शालेय व्याकरणात शिकवले जाते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात हीच भूमिका मांडली होती : विशेषनाम व्यक्तीकडे बोट दाखवते, तिचा गुण सांगत नाही. तर्कशास्त्रापुरते हे मान्य करता येईल. भारतीय भाषांतील नावे मात्र बहुतांशी अर्थवान शब्दच असतात, आणि नाव धारण करणाऱ्याला तो अर्थ आयुष्यभर ऐकू येत असतो. शिवाय कोशातल्या अर्थाखेरीज नावाला आणखी एक अर्थ चिकटतो, तो देण्याघेण्याच्या कृतीतून. नाव कोणी दिले, मागितले होते की लादले गेले, ते कोणाच्या तोंडी राहिले आणि कोणत्या कागदावर उतरले, यांवर तो अवलंबून असतो. पुढील विवेचनात या दुसऱ्या अर्थाचाच माग घेतला आहे.

त्याआधी दोन्ही समाजांतील नामव्यवहाराचा थोडा खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात बाराव्या दिवशी बारसे होते आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. पत्रिकेतल्या चरणाक्षरावरून आलेले नावरसाचे नाव वेगळे, व्यवहारातले वेगळे. मुलीच्या बाबतीत लग्नानंतर आणखी एक नामकरण होई : ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले जाई. बंगालमध्ये औपचारिक नाव अन्नप्राशनाच्या वेळी ठेवण्याची रीत असून प्रत्येकाला साधारणपणे दोन नावे असतात. ‘भालोनाम’ म्हणजे चांगले, अर्थात शाळेचे, कागदाचे, जगाचे नाव. ‘डाकनाम’ म्हणजे घरात हाक मारण्याचे नाव. मराठी वाचकाला ‘डाक’ म्हटले की टपाल आठवते, पण इथे उलटा प्रकार आहे. टपालाच्या पाकिटावर जे नाव सहसा येत नाही, तेच डाकनाम. ते छापले जात नाही, त्याने सही केली जात नाही. ते उच्चारण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आणि निकटवर्तीयांना असतो. मराठीतले ‘टोपणनाव’ याच्या जवळ जाते, परंतु टोपणनाव थट्टेचेही असू शकते आणि साहित्यिकाचेही. डाकनामाची घरगुती मर्यादा त्याला नाही.

रमाबाई आपले बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह १८७८ मध्ये कोलकात्याला आल्या, तेव्हा आईवडील आणि थोरली बहीण यांचा दुष्काळाच्या काळात मृत्यू झालेला होता. पुराणे सांगत, पायी तीर्थयात्रा करीत या भावंडांनी देशाचा मोठा भाग पालथा घातला होता. विशीतली एक अविवाहित ब्राह्मण मुलगी संस्कृतातून शास्त्रचर्चा करते, हे पाहून कोलकात्यातील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना दोन उपाधी दिल्या. या उपाधींची गरज कोलकात्याला का वाटली असावी, याचा विचार भाषेच्या अंगानेही करता येतो. मराठीत ‘बाई’ हा स्त्रीनामापुढचा साधा आदरार्थी शब्द आहे. बंगालीत स्त्रीच्या नावापुढे ‘देवी’ किंवा ‘दासी’ येत असे, आणि ‘बाई’ म्हटले की ‘बाईजी’, म्हणजे मैफलीत गाणारी-नाचणारी स्त्री, डोळ्यांसमोर येई. विद्वान म्हणून गौरवायच्या स्त्रीचे नाव ‘बाई’वर संपणे बंगाली कानाला अवघड वाटले असल्यास नवल नाही. दुसरे असे की रमा म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मी व सरस्वती एका घरी नांदत नाहीत ही संस्कृत सुभाषितकारांची जुनी तक्रार. ‘रमाबाई सरस्वती’ या नावात त्या दोघी शेजारी बसल्या. त्या वेळी रमाबाईंच्या घरी लक्ष्मी कुठेच नव्हती, हा भाग वेगळा.

ज्या नगरीने त्यांना सरस्वती म्हटले, त्याच नगरीत रमाबाईंची शास्त्रांवरची श्रद्धा ढासळू लागली. पडद्यातल्या स्त्रियांना शास्त्रोक्त स्त्रीधर्म सांगावा, अशी विनंती त्यांना करण्यात आली. त्या तयारीसाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना, इतर सर्व बाबतींत मतभेद असलेले हे ग्रंथ स्त्रीच्या हीनतेविषयी मात्र एकमत आहेत, असे त्यांना दिसून आले. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्यांनी हे स्वच्छ सांगितले आहे. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली, तीही याच काळात. तेव्हा ‘पंडिता’ ही उपाधी त्यांच्या आयुष्यात विलक्षण स्थितीत आली. ज्या ज्ञानाचा अधिकार शास्त्राने स्त्रीला नाकारला, त्याच ज्ञानाबद्दल शास्त्रींनी दिलेली ती पदवी होती. रमाबाईंनी ती टाकली नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकावर ‘पंडिता रमाबाई सरस्वती’ असे संपूर्ण नाव आहे. आणि तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती धर्मस्वीकाराला चार वर्षे होऊन गेली होती. १८८३ च्या बाप्तिस्म्यात मिळालेले ‘मेरी’ हे नाव निकटच्या धर्मभगिनींशी होणाऱ्या पत्रव्यवहारापुरते राहिले. कालांतराने ‘सरस्वती’ गळून पडले, ‘पंडिता’ टिकले, आणि इतके टिकले की मराठी वाचकाला ते उपाधी वाटेनासे झाले. रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर यांच्यापासून त्यांना वेगळे ओळखण्याची खूण म्हणजे ‘पंडिता’. एकोणिसाव्या शतकातील एका अत्यंत प्रसिद्ध मराठी स्त्रीनामाचा पूर्वार्ध कोलकात्यात घडलेला आहे, ही गोष्ट त्यामुळेच सहज ध्यानात येत नाही.

रमाबाईंच्या वाट्याला तांदळाचे ताट आले नाही, हेही नोंदवायला हवे. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. माहेरचे नाव तसेच राहिले. पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलीचे नाव ‘मनोरमा’ ठेवले गेले. दोन्ही भाषांत सारखेच चालणारे हे नाव, आणि त्यात आईचे नाव पुरते सामावलेले. आईच्या नावावरून मुलीला नाव मिळावे ही गोष्ट तत्कालीन मराठी किंवा बंगाली घरात सहजासहजी घडणारी नव्हती.

समकालीन मराठी स्त्रियांशी तुलना केली की याचे महत्त्व कळते. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना. आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुनाच. एक यमुना १८७३ मध्ये ‘रमा’ झाली, दुसरी १८७४ मध्ये ‘आनंदी’. न्यायमूर्ती रानडे यांना घरात व मित्रवर्तुळात माधवराव म्हणत. तेव्हा ‘रमा’ हे नाव पतीच्या नावाशी जोडी जमवणारे होते. ‘आनंदी’ या नावाला पेशवाईतल्या आनंदीबाईची आणि ‘ध’चा ‘मा’ करण्याची सावली मराठी कानात होतीच. तरीही ते नाव घेऊन एक सतरा वर्षांची मुलगी १८८३ च्या फेब्रुवारीत कोलकात्याजवळच्या श्रीरामपूर येथील महाविद्यालयात इंग्रजीतून बोलायला उभी राहिली. आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जातो हे तिने सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याची ग्वाही दिली. एप्रिलमध्ये ती कोलकात्याच्या बंदरातून निघाली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे तिच्या अस्थींवर जो दगड आहे त्यावर पतीने दिलेले हेच नाव कोरलेले आहे. यमुना या नावाचा तिथे मागमूस नाही.

आता दुसरा प्रसंग. रवींद्रनाथांना १८७८ मध्ये इंग्लंडला पाठवायचे ठरले तेव्हा त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ अहमदाबादला न्यायाधीश होते. इंग्रजी रीतिभाती आणि बोलणे अंगवळणी पडावे म्हणून त्यांनी धाकट्या भावाला आपले स्नेही आत्माराम पांडुरंग यांच्या मुंबईच्या घरी ठेवले. आत्माराम पांडुरंग हे १८६७ च्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू. ज्या घरातून मराठीचे व्याकरण सिद्ध झाले त्या घरातल्या मुलीने विशेषनामाचा हा खेळ करावा, हा योगायोग गमतीचा आहे. अन्नपूर्णा, ज्यांना ॲना म्हणत, वयाने रवींद्रनाथांहून थोड्या मोठ्या, इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या. पाहुण्याला इंग्रजी वळण लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांचे मूळ नाव काही परके नव्हते. मराठी वधू माहेरून अन्नपूर्णेची मूर्ती घेऊन सासरी जाते; बंगालीत याच देवीवर अठराव्या शतकात भारतचंद्राने ‘अन्नदामंगल’ रचले. म्हणजे दोन्ही भाषांना समान असे एक नाव त्यांच्यापाशी आधीच होते. तरीही त्यांनी या कवीपाशी नवे नाव मागितले. मागणी त्यांची होती, ही गोष्ट या प्रसंगाच्या केंद्रस्थानी आहे.

रवींद्रनाथांनी या मागणीचे वर्णन ‘छेलेबेला’ या १९४० च्या आठवणींच्या पुस्तकात केले आहे. आपल्यापाशी पुस्तकी विद्येचे भांडवल नव्हते, म्हणून कवी असल्याची जाणीव आपण संधी मिळताच करून देत असू. तिने ते मोजूनमापून न पाहता मान्य केले. कवीकडे एक डाकनाम मागितले आणि ते आपण पुरवले. मग ते छंदात गुंफून भैरवीच्या सुरात तिला ऐकवले, असा त्या मजकुराचा आशय आहे. ते गाणे ऐकून मरणाच्या दिवसातूनही आपण जागे होऊ, अशा अर्थाचे उद्गार तिने काढल्याचे ते लिहितात. दाढी न राखण्याची तिने घातलेली अट पुढे आपण मोडली, आणि ती मोडण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला, हेही थोड्या विनोदाने आणि पुष्कळ खिन्नतेने सांगतात. हा परिच्छेद प्रसिद्ध आहे. मात्र त्यातील एक उणीव लक्ष वेधून घेते. नामकरणाच्या या कथेत एकही नाव नाही. घर आहे ते ‘मुंबईतले कोणते तरी’, मुलगी आहे ती ‘त्या घरातली कोणी एक शिकलेली’. ॲना नाही, अन्नपूर्णा नाही, आणि दिलेले डाकनामही नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावरील कवीने हे का टाळले असेल? संकोच म्हणावा तर दिलीपकुमार राय यांच्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी या मैत्रीविषयी मोकळेपणाने बोललेले आहे. बंगाली नामव्यवहाराच्या नियमाने पाहिले तर उत्तर सोपे होते : डाकनाम छापायचे नसते.

नाव मात्र शून्यातून आलेले नव्हते. ‘नलिनी’ ही रवींद्रनाथांच्या ‘कविकाहिनी’ या दीर्घकाव्याची नायिका. ते काव्य ठाकूर कुटुंबाच्या ‘भारती’ मासिकातून आधी क्रमशः आले आणि १८७८ च्या नोव्हेंबरात कोलकात्याहून पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा कवी इंग्लंडमध्ये होता. पुस्तकाची प्रत मुंबईला पोचल्यावर ॲना यांनी ज्योतिरिंद्रनाथांना पत्र लिहून आभार मानले, आणि हे काव्य रवींद्रनाथांनी आपल्याला वाचून व भाषांतर करून इतके ऐकवले होते की ते पाठच झाले, असे कळवले. तुलनाकारांच्या दृष्टीने हे पत्र मोलाचे आहे. रवींद्रनाथांच्या काव्याच्या अगदी पहिल्या परभाषी श्रोत्यांत ही मराठी स्त्री आहे, आणि त्यांच्या कवितेचे एक अगदी आरंभीचे, तोंडी, कधीही कागदावर न उतरलेले भाषांतर तिच्यासाठी झाले. काव्याचे कथानकही तिला ठाऊक होते. त्यातला कवी नलिनीच्या प्रेमाने तृप्त न होता जगभर भटकायला निघतो; परततो तेव्हा नलिनी मरण पावलेली असते. हे कथानक माहीत असलेल्या स्त्रीला, समुद्र ओलांडायला निघालेल्या कवीने नायिकेचेच नाव दिले. मरणाच्या दिवसाविषयीचे तिचे उद्गार या पार्श्वभूमीवर वाचले की ती केवळ भावविवश स्तुती राहत नाही. काव्याच्या शेवटाला तिने दिलेले ते उत्तर ठरते. कवी ज्या नायिकेला मारतो, ती गाणे ऐकून उठेन म्हणते. चरित्रकारांनी हा उद्गार प्रेमाचा पुरावा म्हणून वापरला आहे. एका वाचकाने केलेली ती कवितेची दुरुस्ती आहे, असे म्हणायला अधिक आधार दिसतो.

पुढच्याच वर्षी ॲना यांचा विवाह हॅरोल्ड लिटलडेल या प्राध्यापकाशी झाला, बडोद्याला काही काळ वास्तव्य झाले, आणि १८९१ मध्ये एडिंबरो येथे, तेहतीसच्या सुमारास, त्यांचा मृत्यू झाला. रवींद्रनाथांची त्यांची भेट पुन्हा फारशी झाली नाही. पण नाव राहिले. आपल्या लेखांखाली त्या ‘नलिनी’ हे नाव वापरीत राहिल्या, असे कृष्ण कृपलानी यांच्यासारख्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. हे विधान नेहमी निष्ठेची खूण म्हणून उद्धृत होते. नामव्यवहाराच्या बाजूने पाहता त्यात काही वेगळेच घडले आहे. डाकनाम घरात बोलायचे असते. या स्त्रीने ते घराबाहेर नेले, छापले, त्याने सही केली. म्हणजे डाकनामाचे तिने भालोनाम केले. देणाऱ्याने एका वर्तुळात दिलेले नाव घेणारीने दुसऱ्या वर्तुळात उभे केले, आणि त्यासाठी देणाऱ्याच्या भाषेतला नियम मोडला. तो नियम तिला ठाऊक नसेलही. मराठीत तसा नियम नाही. साहित्यिकाचे टोपणनाव ही मराठी वाचकाला ओळखीची गोष्ट. दोन भाषांच्या सांध्यावर एकाच शब्दाला दोन वेगळी घरे मिळाली, ती अशी. खुद्द रवींद्रनाथ त्याच सुमारास ‘भानुसिंह’ या नावाने ‘भारती’त पदे छापत होते, आणि भानु म्हणजे रवीच. स्वतःला नवे नाव घेऊन छापणे त्यांना चालत होते. त्यांनी दिलेले नाव घेऊन कोणी स्त्री स्वतंत्रपणे लिहील, ही शक्यता मात्र त्यांच्या आठवणीत कुठे डोकावत नाही.

आणखी एक नोंद चरित्रकार करतात : ॲना यांनी आपल्या एका ‘नेव्ह्यू’चे नाव रवींद्रनाथ ठेवले. या इंग्रजी शब्दापाशी मराठी वाचक थबकतो, कारण मराठी बाईचा भाचा भावाचाही असतो आणि बहिणीचाही. बहिणीचा असेल तर ती मावशी. भावाचा असेल तर ती आत्या, आणि मग नाव ठेवणे हा तिचा लहर म्हणून नव्हे, बारशाच्या रीतीने आलेला हक्क ठरतो. कसेही असले तरी कवीपाशी मागून घेतलेल्या नावाची फेड तिने त्याचेच नाव मराठी घरात आणून केली.

‘नलिनी’ रवींद्रनाथांच्या लेखनातही रेंगाळली. १८८१ च्या ‘भग्नहृदय’मध्ये ती आहे, १८८४ मध्ये त्याच नावाची नाटिका आहे. आणि या दोहोंच्या मध्ये, ९ डिसेंबर १८८३ रोजी, जोडासाँकोच्या वाड्यात भवतारिणी नावाची जेमतेम दहा वर्षांची मुलगी नववधू होऊन आली व ‘मृणालिनी’ झाली. नलिनी आणि मृणालिनी ही दोन्ही कमळवेलीचीच नावे, तेव्हा दुसऱ्यात पहिल्याचा प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह अनेकांना झाला आहे. त्यात तथ्य असेल. पण भवतारिणीच्या बाजूनेही पाहायला हवे. भवतारिणी हे दक्षिणेश्वरच्या कालीचे नाव. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या ब्राह्म घरात ते खटकले असणे शक्य आहे, आणि अभिरुचीच्या दृष्टीने जुनाटही वाटले असणे शक्य आहे. तिला कोणी विचारले नसणार, हे मात्र दोन्ही शक्यतांत समान आहे. मराठी वाचकाला यात नवे काहीच नाही. फक्त अंगठी आणि तांदूळ तेवढे नाहीत. पतीच्या पत्रांत तिला ‘भाई छुटि’ असे संबोधन येते, तेही ‘छोटो बऊ’, म्हणजे धाकटी सून, या घरातल्या स्थानावरून घडलेले. ती पत्रे पुढे छापली गेली. एकोणीस वर्षांच्या संसारानंतर १९०२ मध्ये मृणालिनीदेवी वारल्या. जन्मनाव, विवाहनाव आणि पत्रनाव या तिन्हींपैकी एकही त्यांनी निवडलेले नव्हते. ॲना यांच्या मागणीचे वजन या शेजारामुळे अधिक जाणवते.

पुरुषाच्या नावाची वाट निराळी होती. देवघरजवळच्या करौं गावी १८६९ मध्ये जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लेखक झाले, ‘हितवादी’चे संपादक झाले, १९०४ मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ आले आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. शिवाजी-उत्सव कोलकात्यात रुजवण्यात त्यांचा पुढाकार होता. एवढे बंगाली होऊनही मुखपृष्ठावर ते स्वतःचे, वडिलांचे आणि कुळाचे अशी मराठी त्रिपदी छापत राहिले. बंगाली रीतीत मधला शब्द, म्हणजे ‘नाथ’, ‘चंद्र’, ‘कुमार’, हा माणसाच्या स्वतःच्याच नावाचा तुकडा असतो. तेव्हा बंगाली वाचकाला ‘सखाराम गणेश’ हे एकाच व्यक्तीचे जोडनाव वाटण्यास जागा होती. कानावर अर्थ बदलला. कागदावर मात्र अक्षर बदलले नाही, आणि बदलावे असे त्यांना कोणी सुचवल्याचे दिसत नाही.

रवींद्रनाथांच्या पुढील आयुष्यात नावे देणे हा जणू नित्यक्रम झाला. १९३३ मध्ये शांतिनिकेतनात क्षितिमोहन सेन यांच्या नातवाला त्यांनी ‘अमर्त्य’ हे नाव सुचवले. पण सगळीच नावे स्वीकारली गेली नाहीत. कवयित्री राधाराणी देवी बालविधवा. १९३१ मध्ये त्यांनी कवी नरेंद्र देव यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा रवींद्रनाथांनी नववधूला ‘नवनीता’ हे नाव पाठवले. नव्याने आणलेली, असा त्याचा अर्थ. मराठी वाचकाला इथे आधी लोणी आठवेल, किंवा परशुरामतात्या गोडबोले यांचा १८५४ मधला ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह. बंगाली नववधूला मात्र नवेपणच ऐकू आले असणार. राधाराणींनी ते नाव विनयाने परत केले. आपल्या जुन्या नावाने त्यांची कविता लोकांपर्यंत पोचलेली होती. शिवाय त्यांनी स्वतःसाठी दुसरे एक नाव आधीच निवडले होते. ‘अपराजिता देवी’ या नावाने, वेगळ्या शैलीत, त्या लिहीत होत्या, आणि ही अपराजिता कोण याचे कुतूहल कोलकात्याच्या साहित्यवर्तुळात बराच काळ होते. रवींद्रनाथांनी नाकारलेले नाव जपून ठेवले. १९३८ च्या जानेवारीत राधाराणींना मुलगी झाली, तेव्हा ते तिला पाठवले. भेट नाकारण्याचे वय तुझे अजून झालेले नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यासोबत होता.

ती मुलगी नवनीता देव सेन. बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला, त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्या होत्या. पुढे तिथेच त्यांनी अध्यापन केले. आईने परत केलेले आणि आपल्याला परत करता न आलेले हे नाव त्यांनी २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे साठ वर्षे आपल्या पुस्तकांवर छापले, आणि त्याची ही कथा स्वतः लिहून ठेवली. ‘नलिनी’ची कथा देणाऱ्याने सांगितली, तीही नावे वगळून. ‘नवनीता’ची कथा आपल्यापर्यंत घेणारीकडून आली आहे, म्हणूनच त्यात आईचा नकारही शिल्लक आहे.